विणंती

नाही हो साहेब, एक्केचाळीस पोरांच्या जागी मी एकटी कशी बोलेन? तुम्हीच बघा ना माझ्याकडे. सहासष्ट वय, दोन्ही गुडघे गेलेले, मागची दाढ काढून अजून पंधरा दिवस झाले नाहीत — आणि मी म्हणे पोरापोरींच्या नावाने मुलाखती दिल्या! बसा तुम्ही आधी. उभ्याने असलं काही बोलू नये. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इकडे बसा. आणि तो फोन जरा उलटा ठेवाल का? नाही, विश्वास आहे, विश्वास आहे — पण तो असा टकामका बघत राहिला की मला बोलायला सुचत नाही. हां. दिनेश म्हणालात ना नाव? आडनाव राहू द्या, मी विचारत नाही कुणाला. मी चंद्रभागा पगारे, ते तर तुमच्याकडे लिहिलेलंच दिसतंय. पण कॉलनीत चंद्रभागा विचाराल तर कुणाला कळायचं नाही, ऑपरेटर मावशी म्हणा, शेंबडं पोरही घर दाखवेल. दाखवलंच असेल म्हणा, त्याशिवाय का तुम्ही बरोबर दारात आलात.

मला नीट समजू द्या हं. म्हणजे तुमच्या कंपनीची ती फोनवरची बाई — यंत्र आहे, माहीत आहे मला, पण आवाज बाईचा आहे ना, मग बाईच म्हणणार — हल्ली अंबडच्या कारखान्यात अर्ज करा, दवाखान्यात करा, मॉलमध्ये करा, फोन तिचाच येतो. बारा प्रश्न विचारते आणि कोण आत कोण बाहेर ते तीच ठरवते, मध्ये माणूस म्हणून नाहीच. आणि तिला आता असं वाटतंय की आमच्या कॉलनीतली एक्केचाळीस पोरं ही पोरंच नाहीत. सगळ्यांच्या तोंडून एकच कुणीतरी बोलतंय. असंच ना? आणि सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर एक्केचाळीस जण घरी. लागून सहा-सहा महिने झाले तेही. राखीसुद्धा — राखी म्हणजे कुणी नाही, आहे एक मुलगी. अहो, नात आहे माझी, लपवून काय करू, यादीत असेलच नाव. दवाखान्यात पुढच्या टेबलाला बसते, आलेल्या पेशंटला कुठे जायचं ते सांगते. सोमवारीच तिला कायम करणार आहेत. आज सकाळी जाताना मला म्हणाली, आजी, सोमवारी पेढे आणायचे, आणि विसरलीस तर बघ. आता मी तिला काय सांगू, पेढ्यांच्या आधी साहेब आले म्हणून?

पाणी घ्या ना.

तुम्ही दारातच म्हणालात, मावशी, यंत्राला जात नसते, घाबरू नका. किती स्वच्छ बोलता हो तुम्ही, अगदी मोजून-मापून, बातम्या वाचणाऱ्यासारखं. नसते ना जात, मी कुठे म्हणते असते. पण कान असतात ना? आणि ते कान तयार कुणी केले? गेल्या दहा वर्षांत ज्यांना नोकऱ्या लागल्या त्यांची बोलणी तिला ऐकवली, आणि सांगितलं, बाई गं, असं बोलणारी माणसं चांगली. आता त्या दहा वर्षांत आमची पोरं टेबलाला बसलीच नव्हती, मागे झाडू मारत होती, तर तिच्या कानावर आमचा आवाज पडणार कुठून? ती बिचारी कुणाचा द्वेष करत नाही, तिला फक्त ओळखीचा आवाज आवडतो. माणसांचं तरी काय वेगळं असतं म्हणा. फोटोकडे बघताय? हो, बाबासाहेबांचाच. बघा, बघा, त्यात लपवायचं काय. खरं सांगू का, तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा क्षणभर वाटलं होतं पडदा ओढून घ्यावा, आणि मग माझीच मला लाज वाटली. दारात एरवी मी जयभीम म्हणते, तुम्हाला नमस्कार म्हणाले. एवढी भीती चांगली नाही, पण आहे.

आवाजाचं मला कळतं साहेब, अडतीस वर्षं तीच भाकरी खाल्ली. टेलिफोन एक्स्चेंजात होते मी. ट्रंक कॉलच्या काळापासून, ते दोर भोकात खोचायचे ना, तेव्हापासून. बावीस वर्षांची होते, देवळ्याकडची, आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची, आणि मी दहावीच्या मार्कांवर इथे येऊन हेडफोन लावून बसले. पहिल्याच आठवड्यात एक फोन, पंचवटीतला कुणी व्यापारी होता. मी म्हणाले, कोन पाहिजे आपल्याला? झालं! मग हळूच विचारलं त्याने — आडनाव काय गं तुझं? मी सांगितलं. हं, म्हणाला. नुसतं हं, आणि ठेवून दिला. शिवी दिली असती तर परवडलं असतं, त्या हंने मी तीन रात्री जागी होते. एका न मध्ये माझं गाव, घर, आईबाप, सगळं त्याला दिसलं होतं, हजार रुपयांची साडी नेसले असते तरी तारेतून साडी कुठे दिसते. मग बसले घोकत. राखीचे आजोबा एकलहऱ्याला थर्मलच्या वीजकेंद्रात होते, आम्ही तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायचो, मी न्हाणीघरात नळ सोडून आत उभी राहायची — पाणी, लोणी, कोण, आणि, पण, आपण — जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि सोडायची. हे बाहेरून ओरडायचे, अगं पाणी पाणी काय करतेस, पळून चाललंय का ते! हसायचे. मलाही हसू यायचं. पण वर्षभरात असा ण बसला जिभेवर की साहेब लोक विचारायचे, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?

एकदा आई आली होती देवळ्याहून. तिच्यासमोर मी फोनवर कुणाशी तरी बोलले, ठेवला, आणि तिला म्हणाले, आई, चहा घेतेस ना. तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, कोन बोली ऱ्हायनी? कोण बोलतंय हे. माझ्याकडेच बघत मलाच विचारत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे.

तर मुद्दा काय, राखीचा पहिला फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. दीड वर्ष झालं त्याला. बीकॉम झालेली पोरगी, फर्स्ट क्लास. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, मला कोनाशीही बोलायला भीती वाटत नाही. कोनाशीही. आणि मी ऐकलं साहेब — ती बाई बदलली. गोड तशीच, पण दोन प्रश्नांमध्ये जी एक जागा सोडायची ना, ती आवळली. जसं गिऱ्हाईक घेणार नाही कळल्यावर दुकानदार कापड गुंडाळायला घेतो. पाचव्याला म्हणाली, धन्यवाद, आम्ही कळवू. बारा नाही, पाचच. मग मी काय केलं, कॉलनीत कुणालाही फोन यायचा असला की स्टूल घेऊन शेजारी जाऊन बसायचे आणि वहीत खुणा करायचे. कुठला शब्द, कितवा प्रश्न. तेवीस फोन ऐकले. ज्यांच्या पहिल्या तीन उत्तरांत ण-चा न झाला ते पाचव्याला गार. तुमची बाई तो न ऐकून हं करत नव्हती एवढंच, बाकी पंचवटीवाला आणि ती सख्खे बहीणभाऊ. तेवढी वही दाखवते मी तुम्हाला — नको, नाही दाखवत. वही नाहीये. होती, रद्दीत गेली.

आणि मग विहाराच्या हॉलमध्ये क्लास काढला. काढला म्हणजे गुन्हा नाही ना? इंग्रजीचे क्लास नाशकात पावलोपावली आहेत, त्यांना कुणी विचारत नाही, मी मराठी पोरांना मराठी शिकवलं तर तुमची गाडी आली. रोज संध्याकाळी एक तास. फी नाही, काही नाही. पहिला सुयश, त्याचा बाप सेंट्रिंगच्या कामावर, पोरगा हुशार पण बोलताना खाली बघायचा. तो बाराच्या बारा प्रश्न करून आला आणि माझ्या पाया पडायला लागला, मी म्हटलं पाया पडू नकोस, आधी माणूस म्हण. माणूस म्हणाला. इतकं स्पष्ट म्हणाला की हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे रांगच लागली. शेवटचा प्रश्न ठरलेला असतो तिचा, गिऱ्हाईक रागावलं तर काय म्हणाल, आणि त्याला मी उत्तर पाठ करून घ्यायची — आपण कृपया दोन मिनिटं थांबावं ही विणंती. आमच्या एक्स्चेंजातलंच ते वाक्य, अडतीस वर्षं हजारो माणसांना ऐकवलं मी. पण फोन पोरांनीच घेतले हो, उत्तरं त्यांनीच दिली, मी नुसती — काय? काय म्हणालात?

परत म्हणा. विनंती?

विनंती. दातांचा न? नळातला?

थांबा, थांबा, असं कसं. विणंती, मागणी, पाहणी, आखणी — विणंती. त्यात ण आहे. आहेच. नाही? तुमच्याकडे लिहिलेलं आहे, बघू — थांबा, चष्मा — वि, न, वर टिंब, ती. अगंबाई. अहो पण मी — अडतीस वर्षं. कलेक्टरसाहेबांना म्हणाले मी, विणंती. निरोप समारंभात माईकवर म्हणाले. कुणी एकाने सांगितलं नाही? कुणाला कळलं नाही, की कळलं आणि हसले असतील माघारी? न्हाणीघरात जो जो न संशयाचा वाटला तो मी ण करून टाकला, विचारायचं कुणाला, विचारलं म्हणजे कबूल केलं. त्यात हा एक बिचारा खरा न होता, तोही भरडला गेला. आणि तोच मी एक्केचाळीस पोरांच्या तोंडात घातला. म्हणजे तुमच्या बाईने पकडलं ते हे? सगळं शुद्ध आणि शेवटच्या वाक्यात एकच चूक, सगळ्यांची तीच, त्याच जागी? म्हणून एकच माणूस वाटला तिला. देवळात चोरी करून बुटांवरून सापडल्यासारखं झालं की हो. चोरी नाही म्हणायचं मला. चोरी नाही केली.

हसू नका ना. नाही हसत? मला वाटलं. माझेच कान आता मला खरे वाटत नाहीत.

तर आता तुमचं म्हणणं काय, हा पानभर मजकूर मी वाचायचा, दोन मिनिटं. माझा आवाज तिला मिळाला की ती जुळवून बघेल, आणि नाही जुळला तर पोरं सुटली. आणि जुळला तर? पण साहेब, जुळणारच ना! गळा माझा नसेल त्यांचा, पण कुठे थांबायचं, कुठे वर जायचं, शेवटचा शब्द कसा हलकेच ठेवायचा, ते सगळं माझं आहे. आई पोराला बोलायला शिकवते तसंच शिकवलंय मी, वीस वर्षांच्या घोड्यांना. माझा आवाज गेला तिच्याकडे की ती म्हणणार, हीच ती. आणि नाही वाचलं तर सोमवार आहेच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझी राखी पेढ्यांची वाट बघत उभी.

एकच वाट आहे. आईसारखं वाचायचं. देवळ्याचं बोलायचं, खळ्यावरचं, हेल काढून — मग कसं जुळेल? ती म्हणेल, ही म्हातारी वेगळीच आहे, हिला तर बोलताच येत नाही. आता हे मी तुम्हाला कशाला सांगितलं, तुम्ही तर त्यांचेच. पण तुम्ही लिहून घेत नाही आहात. का घेत नाही? बरं, नका घेऊ. बघते मी, जमतं का बघते. कोण — नाही. कोण बोली — थांबा हं, एवढं काय त्यात. पाणी. पाणी. अरे देवा. कोण. को... ण. जीभ आपोआप मागे जाते साहेब. वाट विसरली ती. जन्मापासून बावीस वर्षं बोलत होते, माझ्या आईचा आवाज अजून कानात आहे स्पष्ट, तो ऐकू येतोय आणि तोंडातून येत नाही. कोण. कोण. कोण बोली — येत नाही हो! मी माझ्या आईसारखं एक वाक्य बोलू शकत नाही. हे काय करून घेतलं मी.

नाही, रडत नाही. द्या तो फोन, त्यातच आहे ना वाचायचं? द्या, जे व्हायचं ते होऊ दे. सरळ धरू ना? हे वर काय पळतंय लाल? छत्तीस मिनिटं, सेकंद बारा, तेरा, चौदा... हे कसलं घड्याळ आहे, साहेब? मी तर अजून वाचायला सुरुवात केली नाही. छत्तीस मिनिटांपूर्वी तर तुम्ही दारात होता. उलटा ठेवला होता ना आपण? म्हणजे हे तेव्हापासून — राखी, सुयश, विहार, वही — आई — सगळं? सगळं गेलं तिच्याकडे? आणि मी तुम्हाला बसा म्हणाले, तुम्ही पाणी प्यालात माझ्या घरचं, आणि उलट्या फोनात असं —

काय?

काय म्हणालात आता?

'पन मी चालूच केलं नव्हतं.' पन. पन म्हणालात तुम्ही. नको, सावरू नका, ऐकलं मी, अडतीस वर्षं ऐकण्याचाच पगार घेतला. तोंड पांढरं पडलंय तुमचं. म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं हे आपोआप चालू होतं. आणि तुम्ही — मगाशी फोटोकडे बघताना — अरे बाळा. तुला कुठे शिकवलं रे? न्हाणीघरात? तूही पाचव्याच्या पुढे असाच गेलास का? आणि सोमवारी ही बाई तुझीही बोलणी — नाही, उत्तर देऊ नकोस! गप. तोंडावर हात ठेव. एकच शब्द गेलाय, त्यावर मी बोलत राहिले तर कदाचित माझ्या आवाजाखाली दबून जाईल, म्हातारीची बडबड म्हणून सोडून देईल ती. बंद होत नाही ना हे? मानेने सांग. नाही होत. बरं. बाई, ऐकतेस ना, मी चंद्रभागा निवृत्ती पगारे, एक्केचाळीस पोरांना मी शिकवलं, चूक माझी आहे, बोलली ती पोरं, त्यांची त्यांची बोलली, आणि या खोलीत आता माझ्याशिवाय कुणी बोललेलं नाही, मी एकटीच बोलतेय, मी एकटीच बोलते नेहमी, सवय आहे मला — ऊठ तू. हळू, ती खुर्ची वाजते. कडी मी लावून घेईन मागून. फोन इथेच राहू दे, म्हातारीने हिसकावून घेतला म्हणून सांग. चपला हातात घे. आणि येतो म्हणू नकोस, बाळा, काही म्हणू नकोस, नुसती मान हलव आणि जा.